उघड्या अस्थिभंगाची श्रेणी : केस पेपरवर लिहिलेल्या अक्षरांवरून पुढचे किती कळते?

रात्रपाळी

मी अस्थिरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेले काही आठवडे एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. उघड्या अस्थिभंगाचा, म्हणजे मोडलेल्या हाडापर्यंत जखम पोहोचली आहे असा रुग्ण आला, की पहिल्या अर्ध्या तासातच त्याची गस्टिलो श्रेणी, म्हणजे जखम किती गंभीर आहे ते सांगणारा प्रकार (टाइप वन सर्वांत सौम्य, थ्री सर्वांत गंभीर), लिहिण्याची आमच्याकडे पद्धत आहे. एकदा लिहिलेली श्रेणी रुग्णाला चिकटते. अँटिबायोटिक कोणते द्यायचे, शस्त्रक्रिया किती तातडीने करायची, प्लास्टिक सर्जनना आत्ताच उठवायचे की सकाळी सांगायचे आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी कोणत्या सुरात बोलायचे, हे सारे त्या एकदोन अक्षरांवरून ठरते.

परवाची गोष्ट सांगतो. नडगीच्या आतल्या अंगाला करंगळीच्या नखाएवढी जखम होती, रक्त जवळजवळ थांबलेले होते आणि पायाची बोटे गरम होती. मी 'टाइप वन' लिहिले आणि नातेवाइकांना सांगितले की जखम लहान आहे, काळजीचे फारसे कारण नाही. शस्त्रक्रियागृहात वरिष्ठांनी जखम वर-खाली वाढवली, तेव्हा वीतभर लांबीची त्वचा खालच्या आवरणापासून सुटलेली निघाली. हाडाच्या टोकावरचे पर्यस्थिचे आवरण सोलले गेले होते आणि मज्जेच्या पोकळीत मातीचे कण रुतून बसले होते. एक स्नायू गडद तपकिरी दिसत होता. त्याला डायथर्मीचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शस्त्रक्रियेच्या उपकरणाचे, टोक लावले तरी तो हलला नाही, कापल्यावर त्यातून रक्तही आले नाही. तो काढून टाकावा लागला. चार दिवसांनी त्या जागी फ्लॅप (जखम झाकण्यासाठी दुसरीकडून रक्तपुरवठ्यासह आणलेली त्वचा किंवा स्नायू) बसवला गेला, म्हणजे ज्याला मी 'टाइप वन' म्हटले तो 'थ्री-बी' होता.

चूक माझी होती, ती मी मान्य करतो. पण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मी श्रेणी अचूक लिहिली असती, तरी तिच्यावरून हाड जुळेल का, संसर्ग होईल का, पाय राहील का आणि तो माणूस पुन्हा कामावर जाईल का, यांतले नेमके काय सांगता आले असते?

जुना प्लास्टर

रात्रपाळी, ही चूक आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने एकदा तरी केलेली आहे, त्यामुळे मनाला फार लावून घेऊ नका. पण हे वर्गीकरण कशासाठी जन्मले ते आधी पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

रॅमन गस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी 1976 साली 1,025 उघड्या अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सोडवायचा प्रश्न मर्यादित होता : संसर्ग कसा टाळावा, कोणती जखम लगेच शिवावी, कोणती उघडी ठेवावी आणि अँटिबायोटिक कसे द्यावे. जखम एक सेंटिमीटरहून लहान आणि स्वच्छ असेल तर पहिला प्रकार, एक सेंटिमीटरहून मोठी पण मऊ ऊतींची (त्वचा, स्नायू वगैरेंची) फारशी हानी नसेल तर दुसरा, आणि ऊतींची व्यापक हानी असेल तर तिसरा. तिसऱ्या प्रकारात इतके भिन्न रुग्ण एकत्र कोंबले गेले की त्या नावाला अर्थच उरेना. म्हणून 1984 साली गस्टिलो, मेंडोझा आणि विल्यम्स यांनी त्याचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडले. हाड मऊ ऊतींनी पुरेसे झाकता येत असेल तर ए, पर्यस्थि सोलून हाड उघडे पडले असेल आणि सहसा मोठे प्रदूषणही असेल तर बी, आणि दुरुस्त करावीच लागेल अशी रोहिणीची, म्हणजे पायाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिनीची, इजा असेल तर सी.

त्या दुसऱ्या अभ्यासातले आकडे पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांच्या तोंडी आहेत. जखमेचा संसर्ग ए गटात 4 टक्के, बी गटात 52 टक्के आणि सी गटात 42 टक्के. अंगच्छेदन अनुक्रमे 0, 16 आणि 42 टक्के. मात्र हे आकडे 75 रुग्णांच्या 87 अस्थिभंगांवरून काढलेले आहेत, हे परीक्षेत कोणी विचारत नाही आणि म्हणून कोणी लक्षातही ठेवत नाही. ते चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत हे वेगळेच. तेव्हाची जखमेची सफाई, तेव्हाचे फ्लॅप आणि तेव्हाची हाड स्थिर करण्याची साधने आज राहिलेली नाहीत.

आणखी एक बाब पाहा. बीमध्ये संसर्ग सीपेक्षा जास्त आहे, म्हणजे ए, बी, सी या चढत्या पायऱ्या नव्हेत. धारदार पत्र्याने रोहिणी स्वच्छ कापली गेली आणि वेळेत जोडली गेली, तर तो 'थ्री-सी' पाय एखाद्या चिरडलेल्या 'थ्री-बी' पायापेक्षा सुखरूप राहू शकतो. जे पाय कापावे लागले, त्यांना पुढे संसर्ग व्हायला पायच उरत नाही, हेही त्या टक्केवारीत कुठेतरी मिसळलेले असणार.

आता तुमच्या रुग्णाविषयी. तुम्ही टेप लावली आणि सेंटिमीटर मोजले. मूळ वर्गीकरणातही दोन ठिकाणी तुटलेले हाड, शेतातल्या मातीशेणाने माखलेली जखम किंवा जोरदार आघात असेल, तर जखमेचे तोंड कितीही लहान असो, तो तिसरा प्रकारच धरतात. आपण परिभाषेतला सर्वांत सोपा शब्द, म्हणजे सेंटिमीटर, तेवढा उचलला आणि अवघड शब्द, म्हणजे आघाताची ऊर्जा, सोडून दिला. श्रेणी लिहायची ती डिब्रीडमेंट, म्हणजे जखम उघडून घाण आणि मेलेल्या ऊती काढण्याची शस्त्रक्रिया, संपल्यावर, त्याआधी नाही.

ड्रेसिंग ट्रे

अपघात विभागातल्या परिचारिकेच्या नजरेतून एवढेच सांगते. श्रेणी ठरवण्यासाठी म्हणून एकाच रात्रीत चार जणांनी चार वेळा पट्टी उचललेली मी पाहिली आहे. जखम एकदा पाहावी, वरवरची ढोबळ घाण काढावी, फोटो काढावा, सलाइनमध्ये भिजवलेली गॉज ठेवून झाकावी आणि त्यानंतर शस्त्रक्रियागृहापर्यंत ती कोणी उघडू नये. नंतर येणाऱ्यांनी फोटो पाहावा. आणि श्रेणीवर चर्चा चालू असताना अँटिबायोटिकची कुपी ट्रेमध्ये तशीच पडून राहू नये.

जुना प्लास्टर

ताईंच्या शेवटच्या वाक्याला आधार आहे. नडगीच्या तिसऱ्या प्रकारच्या उघड्या अस्थिभंगांवर 2015 साली आलेल्या एका अभ्यासात, इजा झाल्यापासून 66 मिनिटांपेक्षा जास्त वेळाने अँटिबायोटिक मिळालेल्यांत संसर्ग जास्त आढळला. उलट 'सहा तासांच्या आत डिब्रीडमेंट झालेच पाहिजे' हा जुना दंडक मोठ्या पाहणीत टिकला नाही. ब्रिटनमधल्या अस्थिशल्यविशारदांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना जोरदार आघाताच्या जखमेसाठी 12 तास आणि इतरांसाठी 24 तास देतात. मात्र जखम अतिप्रदूषित असेल किंवा रक्तपुरवठा तुटला असेल, तर त्याच क्षणी शस्त्रक्रिया करायला सांगतात. थोडक्यात, पहिल्या तासात श्रेणी अडली तरी चालते, कुपी अडता कामा नये.

मध्यमान

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय संशोधनातील संख्याशास्त्र हा माझा व्यवसाय आहे. या विषयात दोन प्रश्नांची सरमिसळ होते असे मला वाटते, म्हणून ते वेगळे मांडतो.

पहिला प्रश्न असा की, एकच जखम दोघांनी पाहिली तर दोघे एकच श्रेणी लिहितात का? ब्रमबॅक आणि जोन्स यांनी 1994 साली याची परीक्षा घेतली. नडगीच्या बारा उघड्या अस्थिभंगांची ध्वनिचित्रफीत 245 अस्थिशल्यविशारदांना दाखवली आणि श्रेणी लिहायला सांगितली. सरासरी एकमत 60 टक्के निघाले, म्हणजे सर्वाधिक लोकांनी जी श्रेणी निवडली तिच्याशी दहातले चार जण असहमत होते. एखाद्या जखमेवर एकमत 94 टक्क्यांपर्यंत गेले, तर एखादीवर ते 42 टक्क्यांवर घसरले. ढोबळमानाने, अगदी सौम्य आणि अगदी भीषण जखम सगळे ओळखतात. घोळ होतो तो मधल्या जखमांत, आणि निर्णयाची खरी गरज मधल्यांनाच असते. मोजपट्टीच हातागणिक लांब-आखूड होत असेल, तर तिच्यावरून वर्तवलेले भाकीत तिच्यापेक्षा अचूक कुठून असणार?

दुसरा प्रश्न असा की, गटाविषयी जे खरे आहे ते समोरच्या एका माणसाविषयी किती खरे धरावे? येथे एक कल्पित उदाहरण घेतो. हे आकडे कोणत्याही अभ्यासातले नाहीत. समजा 1,000 रुग्ण आहेत आणि त्यांपैकी 40 जणांचे पाय शेवटी वाचणार नाहीत. आपल्याकडे एक गुणपद्धती आहे. ती त्या 40 पैकी 20 जणांना ओळखते आणि उरलेल्या 960 पैकी 90 टक्के लोकांना 'पाय राहील' असे बरोबर सांगते. ऐकायला हे वाईट नाही. पण 960 चे उरलेले 10 टक्के म्हणजे 96 जण. 'पाय जाईल' असा शेरा एकूण 116 जणांवर पडला आणि त्यांपैकी खरोखर पाय जाणारे होते 20. म्हणजे त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून शस्त्र उचलले, तर सहापैकी पाच पाय विनाकारण कापले जातील. हीच पद्धती 'पाय राहील' असे 884 जणांविषयी म्हणाली आणि त्यांपैकी 864 जणांबाबत ती बरोबर होती. दिलासा देण्यात भरवशाची आणि धोका सांगण्यात बेभरवशाची, असे हे साधन आहे. दुर्मीळ घटनेचे भाकीत करणाऱ्या बहुतेक पद्धतींचा स्वभाव असाच असतो.

नियमावली

मला येथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. गुणपद्धती सदोष असेल, पण तिच्याशिवाय जे उरते ते काय? रात्री दोन वाजता दमलेल्या एका माणसाचे मत. मेस म्हणून ओळखली जाणारी गुणपद्धती 1990 साली योहान्सन आणि सहकाऱ्यांनी मांडली. ती आघाताची ऊर्जा, रक्तपुरवठा, रक्तदाब आणि वय या चारच गोष्टी विचारते. बेरीज 7 किंवा त्याहून अधिक आली तर अंगच्छेदन करावे लागते, असे त्यांनी दाखवले, आणि त्यांच्या रुग्णांत ते शंभर टक्के खरे ठरले. बेरीज कागदावर असली की निर्णयाचे कारण कागदावर राहते. पुढे कोणी जाब विचारला, तर 'मला तसे वाटले' यापेक्षा 'गुण नऊ होते' हे उत्तर केव्हाही बरे.

मध्यमान

कारण कागदावर असावे, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ते कारण म्हणजे मेसची बेरीज असावी, याच्याशी नाही. ते शंभर टक्के मागच्या नोंदींतले आणि पुढे तपासलेले असे दोन्ही मिळून पन्नासच्या आसपास अंगांवरचे होते.

या पद्धतीची उंबरठ्यावरची गंमत पाहा. जोरदार आघाताचे 3 गुण, नाडी लागत नाही पण पाय गरम आहे म्हणून 1, रक्तदाब काही काळ उतरला होता म्हणून 1. रुग्ण 49 वर्षांचा असेल तर वयाचा 1 गुण, बेरीज 6, पाय राहणार. तीच जखम 51 व्या वर्षी झाली तर वयाचे 2 गुण आणि बेरीज 7. किंवा वय 49 च ठेवा आणि रक्तपुरवठा कमी होऊन सहा तास उलटले असे धरा. मग त्या गुणाची दुप्पट होते आणि बेरीज पुन्हा 7. वाहतुकीत अडकलेली रुग्णवाहिका किंवा मागे पडलेला पन्नासावा वाढदिवस एवढ्यावर पाय ठरत असेल, तर ती रेघ निसर्गाने ओढलेली नाही, आपण सोयीसाठी ओढली आहे.

याची मोठी परीक्षा लीप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात झाली. बॉसी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली पायाच्या 556 गंभीर इजांवर मेससह पाच गुणपद्धती तपासल्या. निष्कर्ष माझ्या कल्पित उदाहरणासारखाच निघाला : गुण कमी असतील तर पाय वाचण्याची शक्यता चांगली, हे या पद्धती सांगू शकतात, पण गुण जास्त आहेत म्हणून पाय जाईलच, हे सांगण्याइतकी संवेदनशीलता, म्हणजे खरोखर जाणारे पाय ओळखण्याची क्षमता, एकीतही नव्हती. 2008 साली त्याच रुग्णसमूहातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पाय वाचलेल्या रुग्णांचे पुढचे चालणे-फिरणे कसे राहील, याविषयीही सुरुवातीचे गुण काही सांगत नव्हते.

शिवाय या सर्व अभ्यासांचा एक पाय अधू आहे. शल्यविशारदाला गुण ठाऊक असतील आणि गुण जास्त म्हणून त्याने पाय कापला, तर भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. तो पाय न कापता राहिला असता का, हे कधीच कळत नाही. भाकिताने स्वतःच स्वतःला खरे केले.

सुईदोरा

मध्यमान यांच्या शेवटच्या परिच्छेदाला प्लास्टिक सर्जरीतून एक जोड देतो. आज प्रत्यक्ष वापरात 'थ्री-बी' म्हणजे काय? तर ज्याला फ्लॅप लागतो तो. म्हणजे श्रेणीची व्याख्याच उपचारावरून केली आहे, आणि मग त्याच श्रेणीवरून उपचाराचे भाकीत करायचे. 'थ्री-बीला फ्लॅप लागतो' हे भाकीत नव्हे, ती द्विरुक्ती आहे. हाताशी फ्लॅप करणारे कोणी नसेल, तर तीच जखम ताण देऊन शिवली जाते आणि नोंदीत 'थ्री-ए' होते. कोणी हाड दोन सेंटिमीटर आखूड करून त्वचा जुळवून घेतली, तरी 'थ्री-ए'. जखम तीच आहे, बदलला आहे तो तिच्यापुढे उभा असलेला माणूस.

माझ्या मते 'थ्री-बी' या दोन अक्षरांत एकमेकांशी काही नाते नसलेले रुग्ण राहतात. नडगीवर रुपयाएवढे हाड उघडे आहे पण सगळे स्नायू जिवंत आहेत, तोही थ्री-बी. पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायूकप्पे लगदा झाले आहेत, चार इंच हाड रस्त्यावर राहिले आहे, तोही थ्री-बी. पहिल्याला मी दुसऱ्या दिवशी पोटरीच्या स्नायूचा फ्लॅप फिरवून मोकळा होतो. दुसऱ्याला वर्षभर शस्त्रक्रियागृहात येत राहावे लागते.

वेळेचा मुद्दा मात्र आमच्याकडे अजून ताकदीने उभा आहे. मार्को गोडिना यांनी 1986 साली 532 रुग्णांच्या सूक्ष्मशल्य पुनर्रचनेचा आढावा मांडला. त्यात पहिल्या 72 तासांत फ्लॅप झालेल्यांत फ्लॅप फसण्याचे आणि संसर्गाचे प्रमाण नंतर झालेल्यांपेक्षा फारच कमी होते. रात्रपाळी, तुमच्या रुग्णाचा फ्लॅप चार दिवसांनी झाला. 'टाइप वन' लिहिल्यामुळे मला येणारा फोन एक दिवस उशिरा आला असेल, तर श्रेणीने परिणाम वर्तवला नाही, परिणाम घडवला.

रात्रपाळी

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी गेला होता. हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

मग विचारतो, गस्टिलो श्रेणी इतकी ढोबळ आणि मेस इतकी बेभरवशाची असेल, तर आम्ही वापरायचे काय? जखमेचे घटक वेगळे पाहणारी एखादी पद्धत आहे का?

जुना प्लास्टर

दोन आहेत. त्यांतली एक मी रोज वापरतो, त्यामुळे तिच्याविषयी माझे मत थोडे पक्षपाती आहे असे समजून वाचा.

कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गुणपद्धती तयार केली आणि नडगीच्या 109 थ्री-ए व थ्री-बी अस्थिभंगांवरचे तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध केले. ती त्वचा आणि आवरण, हाड, आणि कार्यकारी ऊती, म्हणजे स्नायू, कंडरा व मज्जातंतू, यांना प्रत्येकी 1 ते 5 गुण देते. शिवाय परिणामावर सावट टाकणाऱ्या सात बाबी आहेत. डिब्रीडमेंटला बारा तासांहून अधिक उशीर, सांडपाण्याचे किंवा शेणमातीचे प्रदूषण, 65 च्या पुढचे वय, औषधांवर असलेला मधुमेह किंवा भूल धोक्याची करणारा हृदय-फुप्फुसांचा विकार, छाती-पोटाच्या गंभीर इजा, आल्यावेळी 90 च्या खाली गेलेला रक्तदाब, आणि त्याच पायाला दुसरी मोठी इजा किंवा कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणे). यांतील प्रत्येक बाबीचे 2 गुण. 14 किंवा त्याहून कमी बेरीज असेल तर पाय वाचवावा, 17 किंवा त्याहून अधिक असेल तर बहुधा वाचत नाही, आणि 15-16 हा करडा पट्टा.

मला या पद्धतीत सर्वांत आवडतो तो हा करडा पट्टा. सात म्हणजे कापा आणि सहा म्हणजे ठेवा, असे ती म्हणत नाही. 'येथे मला कळत नाही, तुम्ही अनुभवी माणसे एकत्र बसून ठरवा' असे ती दोन गुणांच्या जागेत स्पष्ट लिहिते.

दुसरी गोष्ट अशी की, बेरजेइतकेच सुटे गुणही कामाचे असतात. त्वचेला 1 किंवा 2 गुण असतील, म्हणजे कातडे गेलेले नसेल, आणि एकूण बेरीज 10 च्या आत असेल, तर डिब्रीडमेंटनंतर जखम तिथेच शिवता येते का, याचा विचार करता येतो. इतर अटी पाळाव्या लागतातच. त्वचेला 4 किंवा 5 असतील तर सुईदोरांसारख्यांना त्याच रात्री बोलवायचे. हाडाला 4 किंवा 5 असतील तर हाड भरून काढण्याची तयारी पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवायची. 'थ्री-बी' हे एकच नाव असलेल्या रुग्णांचे 5 पर्यंत, 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 च्या पुढे असे चार गट पडतात. सुईदोरा यांचे रुपयाएवढे उघडे हाड पहिल्या-दुसऱ्या गटात जाईल आणि रस्त्यावर राहिलेले चार इंच हाड वरच्या गटांत.

मर्यादाही सांगतो. ती मुळात नडगीसाठी आणि रक्तपुरवठा शाबूत असलेल्या पायांसाठी तपासली गेली. रोहिणी तुटलेल्या पायाला ती जशीच्या तशी लावू नये. हाताला तर यांतले काहीच थेट लावू नये. हात आखूड झालेला चालतो आणि कृत्रिम हात खऱ्या हाताची जागा घेत नाही, त्यामुळे तिथले गणितच निराळे आहे.

अमेरिकेतील अस्थिआघात संघटनेने 2010 साली मांडलेली दुसरी पद्धत त्वचा, स्नायू, रोहिणी, प्रदूषण आणि हाडाचा ऱ्हास या पाच बाबींना प्रत्येकी तीन पायऱ्यांत मोजते. वर्णन म्हणून ती नेटकी आहे आणि निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदी ताडून पाहायला उपयोगी पडते.

पाहुणा वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, हा धागा शोधता शोधता सापडला. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचा पाय असाच मोडला होता. पहिल्या रात्री एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला 'थ्री-सी आहे, पाय राहणे कठीण' असे सांगितले. पाय राहिला. आज तो चालतो, पण घोटा वळत नाही, आणि जुन्या नोकरीत दिवसभर उभे राहावे लागे म्हणून ती सोडली. आईला अजून वाटते की डॉक्टर चुकले आणि देवाने पाय वाचवला. भाऊ मात्र मधूनमधून म्हणतो की तेव्हा कापला असता तर एव्हाना कृत्रिम पाय लावून धावलो असतो. यांतले खरे काय धरायचे?

जुना प्लास्टर

तुमच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एकट्यापुरते कोणी देऊ शकणार नाही, पण त्याच्यासारख्या अनेकांची नोंद आहे. वर उल्लेख झालेल्या लीप अभ्यासाचा दोन वर्षांनंतरचा अहवाल 2002 साली आला. पाय वाचवलेले आणि पाय कापलेले अशा दोन्ही गटांचे दैनंदिन जीवनातले अपंगत्व मोजले, तेव्हा त्यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. कामावर परतलेले पाय कापलेल्यांत 53 टक्के होते आणि वाचवलेल्यांत 49.4 टक्के. गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र वाचवलेल्यांत जास्त होते, 47.6 विरुद्ध 33.9 टक्के. तेव्हा कापून घेतला असता तर सगळे सुरळीत झाले असते, असे आकडे सांगत नाहीत.

आणि परिणाम वाईट कोणाचा झाला, याची कारणे पाहिली तर आम्हा सर्जन मंडळींना जरा वरमायला होते. त्यांत गुंतागुंतीमुळे पुन्हा भरती होणे होते, पण त्याबरोबर कमी शिक्षण, गरिबी, आधार देणाऱ्या माणसांची वाण, आपण यातून उठू हा विश्वास नसणे, धूम्रपान आणि नुकसानभरपाईचे खटले हेही होते. यांतली एकही बाब गस्टिलो श्रेणीत नाही आणि मेसमध्येही नाही.

धूम्रपानाचा तर हाडावर थेट परिणाम दिसतो. त्याच अभ्यासातल्या नडगीच्या उघड्या अस्थिभंगांत, चालू धूम्रपान करणाऱ्यांचे हाड जुळण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत 37 टक्क्यांनी कमी होती आणि संसर्गाची शक्यता दुपटीहून अधिक. जखमेची श्रेणी पहिल्या रात्रीनंतर कोणाला बदलता येत नाही. सिगारेट बदलता येते.

सुईदोरा

पाहुणा वाचक, त्या रात्री बहुधा तळपायाची संवेदनाही तपासली गेली असेल. पूर्वी तळव्याला काही कळत नसेल तर पाय कापण्याकडे कल असे, आणि काही गुणपद्धतींत तो मोठा निकष होता. लीप गटाने 2005 साली दाखवले की सुरुवातीला तळवा बधिर असूनही ज्यांचे पाय ठेवले गेले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची संवेदना दोन वर्षांत पूर्ववत झाली. मज्जातंतू तुटलेला नसून नुसता दबलेला किंवा ताणलेला असला, तर पहिल्या रात्री तो मेल्यासारखाच वागतो. तुमच्याशी बोललेले डॉक्टर बेजबाबदार होते असे मला वाटत नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर तेच लिहिले होते.

नियमावली

चर्चा वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे, पण मुद्दा सोडत नाही. नोंद हवीच. फक्त बेरजेऐवजी घटक लिहावेत : कोणता स्नायू गेला, किती हाड गेले, रक्तपुरवठा किती वाजता परत आला, दुसऱ्या वरिष्ठाचे मत काय पडले. जाब विचारणाऱ्यालाही हेच जास्त पटेल.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. आमच्या छापील केस पेपरवर श्रेणीची चौकट पहिल्याच पानावर, नाव आणि वयाच्या खाली आहे. कालपासून मी तिच्यात पेन्सिलीने 'डिब्रीडमेंटनंतर' एवढेच लिहितो आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत शेवटी त्वचा, हाड आणि कार्यकारी ऊती यांचे गुण वेळेसह निरनिराळे लिहितो. काल रात्रीच्या रुग्णाचे 2, 3, 2 आणि मधुमेहाचे 2 असे 9 झाले. वरिष्ठांनी कागद पाहून विचारले, 'हे काय, गस्टिलो कुठे आहे?' मी खाली बोट दाखवले. त्यांनी चष्मा सरकवून वाचले, स्नायूच्या 2 वर थोडा वेळ थांबले, खिशातून पेन काढून त्याचे 3 केले आणि म्हणाले, 'त्या मागच्या कप्प्यातल्या कोपऱ्याची मला खात्री नाही, उद्या पुन्हा उघडून पाहू.'

आज दुपारी चार वाजता उघडत आहोत. नातेवाइकांना तेवढेच सांगितले आहे.